पूजेला ठेवलेली जुनी चेन

माझ्या मोटारसायकलला जी चेन आहे ती माझी नाही. ती माझ्या थोरल्या भावाची आहे. दुकानातून मीच आणली, त्यामुळं कुणाला काही सिद्ध करता यायचं नाही. पण आणली होती दादासाठी, त्याच्या नावानं, आणि बसवली माझ्या गाडीला. त्याच्या बदल्यात मी त्याला काय दिलं, हे तोंडातून काढायला मला दीड वर्ष लागलं. कागदावर आज पहिल्यांदा उतरवतोय. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला लिहायची सवय असते म्हणतात, पण ती दुसऱ्याच्या चुकांबद्दल लिहायची.

मी राहतो भोरला आणि नोकरी करतो वेल्ह्याला. रोज कापूरव्होळ, नसरापूर, मार्गासनी, विंझर असा रस्ता. दादा आणि वहिनी गावाकडंच. मार्गासनीहून गुंजवण्याकडं जो रस्ता वळतो, त्यावर आमची वाडी आहे. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि एक मोटारसायकल. त्याची गाडी आणि माझी गाडी एकाच जातीची, एकाच रंगाची. फक्त माझी दोन वर्षांनी अलीकडची. हा सल्ला त्याचाच होता. एकसारख्या गाड्या घेतल्या की अडीनडीला एकीचं सामान दुसरीला चालतं, असं तो म्हणाला होता. त्याचं बोलणं मी इतकं मनावर घेईन असं त्याला वाटलं नसावं.

आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. बैलांना त्या दिवशी सुट्टी. आमचे बैल जाऊन बरीच वर्षं झाली, पण दादानं अमावस्या काही सोडली नाही. वडील त्या दिवशी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचे, दादा मोटारसायकलच्या चेनला घालू लागला. आधी स्वतःच्या, मग शेजाऱ्याच्या, मग वाडीतल्या सगळ्यांच्याच. अमावस्येला सकाळी आमच्या अंगणात पाच-सहा गाड्या लागलेल्या असायच्या आणि दादा गोणपाट टाकून एकेकीचं चेन कव्हर उघडत बसलेला असायचा. कुणाकडून काही घ्यायचा नाही. उलट सगळ्यांचा चहा आमच्याच चुलीवर व्हायचा.

त्याचं काम बघत बसावं असं होतं. डिझेलमध्ये बुडवलेला दात घासायचा जुना ब्रश, मग कोरडं फडकं, मग बुधलीतून नव्वद नंबरचं ऑईल, एकेका कडीवर एकेक थेंब, मागचं चाक हातानं सावकाश फिरवत. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्या माणसाला तो सरळ अंगणाबाहेर काढायचा; तसं करताना बोटाचं पेर गमावलेला एक जण त्याच्या ओळखीत होता. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीला लॉक म्हणतात. त्या लॉकवर एक चिमुकली क्लिप बसते, आकारानं अगदी माशासारखी. माशाचं तोंड चेन पळते त्या दिशेला हवं आणि शेपूट मागं. उलटी बसवली तर क्लिप कधीतरी उडते आणि चेन सुटते. हे त्यानं वाडीतल्या लहानथोरांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की कुणाच्याही गाडीचा मासा उलटा पोहत नव्हता.

चेन झिजली का, हे बघायची त्याची एक रीत होती. मागच्या दातेरी चाकावरची चेन चिमटीत धरून तो मागं ओढायचा. चांगली चेन दातांना घट्ट धरून बसते, हलत नाही. झिजलेली चेन उचलली जाते, आणि ती अन् दात यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. उजेड दिसला की तो मान हलवायचा आणि गाडीवाल्याला म्हणायचा, आता हिला निरोप द्या.

आणि ढील, म्हणजे चेन खालच्या बाजूला किती सैल ठेवायची, ते तो रिकाम्या गाडीवर कधीच बघायचा नाही. माणूस बसला की चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर मापात वाटणारी चेन दोन माणसं बसली की तंग होते. म्हणून तो वहिनीला हाक मारायचा. वहिनी चुलीपुढून उठून पदराला हात पुसत यायची, मागच्या सीटवर एका अंगाला बसायची, गाडीवाला हँडल धरायचा, आणि दादा खाली वाकून दोन बोटांनी ढील जोखायचा. ती उतरली की पुढची गाडी. वाडीतल्या झाडून सगळ्या गाड्यांवर वहिनी बसलेली होती.

"म्या समद्या वाडीच्या गाडीव बसले, पर गेले कुटंच न्हाई," असं ती म्हणायची. दर अमावस्येला म्हणायची आणि दर अमावस्येला लोक हसायचे.

मला मात्र या सगळ्याचा जाच व्हायचा. मी घरी आलो की माझ्या गाडीलाही न विचारता ऑईल लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचेपर्यंत पँटच्या पोटरीवर काळे ठिपके उठलेले असायचे. एकदा मी त्याच्यावर वैतागलो. म्हणालो, माझ्या गाडीला हात लावत जाऊ नकोस, मी भोरला गॅरेजवाल्याकडून करून घेतो. तो बरं म्हणाला. त्यानंतर माझ्या गाडीला त्यानं हात लावला नाही, आणि मीही गॅरेजमध्ये कधी गेलो नाही. त्या चेनचे हाल तिथूनच सुरू झाले.

मग एका श्रावणात दादाची गाडी पाण्यात सापडली. ओढ्यापलीकडच्या खाचरात गेला होता, गाडी काठाला लावलेली, आणि ओढा चढला. दोन दिवस गाडी चाकं बुडेतोवर गाळात उभी. इंजिन वाचलं, चेन मात्र गेली. वंगण धुऊन गंज चढला, आणि कड्या आखडून लाकडासारख्या झाल्या. पुढची-मागची दातेरी चाकं त्यानं उन्हाळ्यातच नवी घातली होती, ती घासूनपुसून ठीक निघाली. फक्त चेन हवी होती. तो म्हणाला, नसरापूरवरनं आणतो. मी म्हणालो, राहू दे, भोरला चांगली मिळते, दसऱ्याला माझ्याकडून तुला चेन. नोकरदार भावानं असं एखादं वाक्य टाकलं की घरात त्याचं वजन वाढतं. दादानं ते वाडीभर सांगितलं. दसऱ्यापर्यंत कसंबसं तेलपाणी करत त्याच आखडलेल्या चेनवर त्यानं गाडी रेटली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी भोरला चेन घेतली. खोक्यात, वंगणात गुंडाळलेली, नवी कोरी. पिशवी हँडलला अडकवून निघालो, तर माझीच चेन खडखड वाजायला लागलेली. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून चिमटीनं ओढली आणि मला उजेड दाखवला. दातेरी चाकं चालतील अजून, म्हणाला, पण ही चेन कधी तुटेल सांगता येत नाही. मग त्याचं लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं.

मी आधी दुकानात परत गेलो, माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल. दुकानदार म्हणाला, या गाडीची ती शेवटची होती, पुढचा माल दिवाळीच्या सुमाराला. मग मी गॅरेजसमोर उभा राहून स्वतःशी वकिली केली. मी रोज वेल्ह्यापर्यंत जातो, चढउतार, वाटेत एसटी, टेम्पो. माझी चेन वाटेत तुटली तर जिवाशी खेळ. दादा काय, घर ते शेत. म्हणजे चेन तुटली की माणूस जाऊ शकतो हे मला चांगलं कळत होतं. ते फक्त माझ्या बाबतीत कळत होतं.

अर्ध्या तासात दादाची चेन माझ्या गाडीवर चढली. जुनी मी रिकाम्या खोक्यात घालून घरी आणली.

आता खरं तर सरळ मार्ग होता. दसऱ्याला हात हलवत जायचं आणि सांगायचं, दादा, माझी अडचण झाली, तुझी दिवाळीला आणतो. त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण वाडीभर झालं होतं ना, की धाकटा चेन आणणार आहे. मला त्या अंगणात रिकाम्या हातानं उभं राहायची लाज वाटली. म्हणून मी जुनी चेन दोन दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवली. घासली, पुसली, वर ताज्या वंगणाचा हात फिरवला. दादानं शिकवलेलं सगळं मी त्या दोन दिवसांत नीट वापरलं. धुतलेली चेन किती नवी दिसते, याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं. दिवाळीला माल आला की बदलून देऊ, असं स्वतःला सांगून मी खोक्याचं झाकण लावलं.

दसऱ्याला सकाळी मी वाडीवर पोचलो तेव्हा सारवलेल्या अंगणात पाटावर हत्यारं मांडलेली होती. कोयता, विळे, खुरपी, कुदळ, आणि एका बाजूला दादाचे पाने, ब्रश आणि ऑईलची बुधली. मला वाटलं होतं तो खोकं घेईल आणि आत ठेवेल. पण आमच्या घरात दसऱ्याच्या दिवशी आलेली नवी वस्तू आधी पूजेत बसते, मग वापरात येते. दादानं चेन खोक्यातून काढली, ताटलीत गोल करून ठेवली, आणि ताटली पाटाच्या मधोमध सरकवली. वहिनीनं तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दोघांनी डोकं टेकवलं. मग दादानं मला म्हटलं, तूही नमस्कार कर.

मी केला. माझ्याच गाडीची मोडीत निघालेली चेन, तिला मी गुडघे टेकून नमस्कार केला. शेजारचे दोघं-तिघं बघायला आले होते, त्यातल्या एकानं भाऊ असावा तर असा, म्हणूनही घेतलं.

पूजा झाल्यावर दादा लगेच चेन चढवायला बसला. लॉक लावलं, क्लिप बसवली, माशाचं तोंड बरोबर दिशेला. मग ढील काढायला मागचं चाक मागं सरकवलं, आणखी सरकवलं, पार शेवटच्या खुणेपर्यंत. नवी चेन इतकी लांब नसते. त्यानं हात थांबवले. मग दोन बोटांची चिमूट दातेरी चाकाकडं नेली. तो आता ओढणार आणि उजेड बघणार हे मला दिसलं, आणि मी चहा झाला का बघतो म्हणून उठून आत गेलो. मुद्दाम गेलो. चुलीपाशी उगीच रेंगाळलो. बाहेर आलो तेव्हा तो शेवटचा नट आवळत होता. वहिनीला हाक मारून सीटवर बसवलं, ढील बघितली, आणि मला म्हणाला, झ्याक झालं. मला वाटलं, पूजेतल्या चेनची त्यानं परीक्षा घेतली नाही. संध्याकाळी त्यानं मला आपट्याचं पान दिलं तेव्हा मी त्याच्या पायाला हात लावला, आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचं कारण मला पुढं कळलं.

दिवाळीला माल आला. मी त्या दुकानावरून चार वेळा गेलो. एकदा गर्दी होती, एकदा उशीर झाला होता, उरलेल्या दोन वेळांची कारणं मी विसरलो.

दिवाळी होऊन भात झोडून घरात आलं, तसा वहिनीनं नव्या तांदळाचं एक गाठोडं बांधलं. तिचं माहेर वेल्ह्याच्या पलीकडं. दरवर्षी नवा तांदूळ आधी तिच्या आईच्या घरी जायचा. दादा पुढं, वहिनी मागं, मध्ये गाठोडं. विंझर सोडल्यावर जो चढ लागतो, तिथं चेन तुटली. तुटून नुसती खाली पडली असती तर गाडी थांबली असती, एवढंच. ती मागच्या चाकात गुंतली. चाक जागच्या जागी आवळलं, गाडी आडवी झाली, आणि वहिनी उजव्या हातावर आपटली.

मला कचेरीत फोन आला. मी जवळच होतो, घरातला पहिला मीच पोचलो, दादासाठी घेतलेल्या त्याच चेनवर. रस्त्यावर तांदूळ सांडला होता. दादा रस्त्याच्या कडेला वहिनीचा हात मांडीवर घेऊन बसला होता. चार माणसं जमली होती, आणि कुणी न विचारता तो प्रत्येकाला सांगत होता, "लॉक उलटं बसिवलं म्या. माजीच चूक."

मी तिथं बोलायला पाहिजे होतं. मी तांदूळ भरत बसलो.

हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना, सरळही होईना. वहिनी आता डाव्या हातानं भाकरी थापते, उजव्यानं नुसती परात धरते. भाकरी एका बाजूला जाड होते. भात लावायला वाकली की उजव्या हातानं रोप रोवता येत नाही. माहेरी जायचं झालं तर एसटीनं जाते. गाडीवर बसणार नाही, असं तिनं दवाखान्यातच सांगितलं. वहिनीचा स्वभाव तसा हसरा, पण दुखणाऱ्या हातानं माणूस कडू होतं. भांडं हातातून सुटलं की ती दादाला ऐकवायची. साऱ्या वाडीच्या चेनी नीट केल्यात आणि घरच्या बाईला तेवढी रस्त्यावर आपटलीत. कधी माझ्यादेखत बोलायची. दादा खाली मान घालून ऐकायचा. त्याच्या शेजारी पाटावर बसून मी ती एका बाजूला जाड झालेली भाकरी मोडायचो, आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हतो. घास घशाखाली उतरायचा नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण उतरायचा. दोन भाकऱ्या उतरायच्या.

दादानं चेनचं काम बंद केलं. पुढच्या अमावस्येला गाड्या आल्या, तर त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि माझ्या हातांचा आता भरवसा नाही म्हणाला. लोकांनी दोन-तीनदा आग्रह केला. मग ते मार्गासनीच्या गॅरेजला जाऊ लागले. गोणपाट गुंडाळून माळ्यावर गेलं. अमावस्येला अंगण रिकामं असायचं आणि दादा त्या दिवशी मुद्दाम रानात काहीतरी काम काढून जायचा. उलटं लॉक लावणारा म्हणून वाडीत त्याची थट्टाही व्हायला लागली. प्रेमानंच करायचे, पण करायचे. मासे धरायला जाताना त्याला कुणीतरी म्हणालं, तोंड कुठल्या बाजूला ते विचारून घे. तो हसला. मीही तिथं होतो, मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

असं दीड वर्ष गेलं. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी मार्गासनीला वळलो असेन. घरी गेलो की वहिनी पाणी द्यायची, दादा म्हशीचं काहीतरी सांगायचा, आणि मी चहा पिऊन परत यायचो. स्वतःला समजावायचो, की खरंच कशावरून चेनमुळंच झालं? तो स्वतःच म्हणतोय ना, की लॉक उलटं होतं? कधी कधी मी त्याच्यावर खरंच विश्वास ठेवायचो. फार सोयीचा होता तो विश्वास.

गेल्या वैशाखात अमावस्येला मला सुट्टी होती. वाडीवर गेलो. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, खाचरं काळी दिसत होती. दादा नेमका घरी होता, ओट्यावर बसून कानशीनं विळ्याला धार लावत होता. म्हशीचं दावं तुटलंय, गोठ्यातून दुसरं आण, म्हणाला. मी गोठ्यात गेलो. खुंटीवरची दावी बाजूला केली, तर त्यांच्यामागं ती चेन. गंजलेली, धूळ बसलेली, तुटलेली. मी तिला ओळखलं. आपण धुऊन पुसून नटवलेली वस्तू माणूस विसरत नाही.

खुंटीवरून काढून उजेडात आणली. लॉक जागच्या जागी होतं. क्लिप घट्ट बसलेली. चेन तुटली होती लॉकपासून पाच-सहा कड्या लांब, जिथं पिनेचं भोक झिजून मोठं झालं होतं तिथं. शेंबड्या पोराला कळलं असतं, की लॉकचा याच्याशी काही संबंध नाही. आणि दादाला कळलं नसेल? ज्यानं ती स्वतःच्या हातानं चाकातून सोडवून इथं टांगली त्याला? म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे, माझ्या लक्षात आलं. माझं पाप त्याला ठाऊक आहे आणि मला झाकायला तो दीड वर्ष स्वतःच्या अंगावर घेतोय. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. त्याला माहीतच आहे म्हटल्यावर सांगणं सोपं होतं. मी चेन घेऊन ओट्यापाशी गेलो.

"दादा, लॉक तर जाग्यावर हाय," मी म्हणालो.

त्यानं चेनकडं बघितलं आणि नुसतं "हाय" म्हणाला.

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. भोरचं गॅरेज, पिशवी, डिझेल, खोकं, मुद्दाम चहाला आत जाणं, दिवाळीत दुकानावरून चार वेळा जाणं. काही ठेवलं नाही. सांगताना मी चेनकडंच बघत होतो. कानशीचा आवाज थांबला होता, ते मला नंतर जाणवलं. वर बघितलं तर दादाचा चेहरा मी कधी न बघितलेला होता.

"म्हंजी दुकानदारानं न्हाई फसिवलं तुला?" त्यानं विचारलं.

मला काही कळेना. मग तो बोलला, थांबत थांबत.

"चाकाव घालून वडली तवाच उजेड दिसला व्हता. म्या म्हनलं, आपला धाकला साधा, कुनीतरी जुनी चेन त्येच्या गळ्यात मारली. पूजा झाल्याली, हळदकुकू वाहिल्यालं, वाडीला सांगितल्यालं. तुला कुटं खाली बघाय लावू? भात निघाल्याव गुपचूप दुसरी घालू म्हनलं. न्हाई झालं. उजेड बघून म्या तुज्या वैनीला त्या गाडीव बसिवली."

त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मी फसवला गेलेला भाऊ वाटत होतो, आणि त्या भावाचा मान राखायला त्यानं डोळ्यांनी पाहिलेला उजेड गिळला होता. दसऱ्याला माझ्या खांद्यावर ठेवलेला हात हा फसलेल्याच्या खांद्यावरचा हात होता. लॉक उलटं बसवल्याचं खोटं त्यानं अशासाठी उचललं, की चेन कुठून आली हे कुणी विचारू नये. हातांचा भरवसा नाही म्हणत होता, कारण उजेड दिसूनही ते हात नट आवळत राहिले होते. दीड वर्ष आम्ही दोघं एकाच चेनचा अपराध वाहत होतो, आणि त्यातला त्याचा वाटाही माझाच होता. माझ्याबद्दल त्याचं जे चांगलं मत उरलं होतं ते मी आत्ता, सोपं जाईल असं समजून, त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

मी म्हणालो, तुझी चेन आत्ता काढून देतो. दुसरं काही सुचलंच नाही. तो उठला, माझ्या गाडीपाशी गेला आणि उकिडवा बसला. माझ्या गाडीला कितीतरी वर्षांनी त्यानं हात लावला होता. चेनवरून बोट फिरवलं, चिमटीत धरून मागं ओढली, डोळा बारीक करून बघितलं.

"ऱ्हाऊ दे. तुज्या चाकाच्या दातांव झिजली ती आता. माज्या चाकाला न्हाई चालायची," तो म्हणाला. मग बोट वर करून दाखवलं. त्याला लाल गंज लागला होता. "तेल कवा घातलं व्हतं हिला?"

मला आठवेना. त्याची चेन पळवली ती पळवली, तिला तेलाचा थेंब घालायचंही माझ्याकडून झालं नव्हतं. या प्रश्नापुढं मी जितका उघडा पडलो तितका आधीच्या सगळ्या सांगण्यात पडलो नव्हतो.

त्यानं बोट मातीला पुसलं. मग म्हणाला, "तिला सांग. म्या न्हाई सांगनार."

वहिनी चुलीपुढं होती. मी उंबऱ्यातच बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. परातीतलं पीठ तसंच राहिलं, तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं उलटली नाही. मला वाटत होतं ती आता मला बोलेल, दादाला बोलायची तसं, हात नाचवून. मला तेच हवं होतं.

"दीड वरीस म्या त्यास्नी बोलले, भावजी," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं तवा उतरवला, लाकडं मागं ओढली, हात धुतला आणि माझ्या बाजूनं बाहेर गेली. मी उंबऱ्यातच राहिलो. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर दादानं माझ्या गाडीपाशी गोणपाट अंथरलं होतं. जुना ब्रश, फडकं, बुधली. बुधलीतलं ऑईल तळाला गोंदासारखं घट्ट झालेलं, ते त्यानं उन्हात धरलं होतं. मला कुणी बस म्हणालं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

त्यानं चेन पुसली, चाक फिरवत एकेका कडीवर थेंब सोडला. मग तो थांबला. आता ढील बघायची होती. त्यानं वहिनीला हाक मारली नाही; मान खाली घालून दोन बोटं तशीच चेनपाशी धरून बसला. वहिनी तुळशीपाशी उभी होती. ती आली, पदराला हात पुसला, आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एका अंगाला बसली.

"हँडल धर," दादा मला म्हणाला.

मी धरलं. तो खाली वाकून ढील बघत होता. वहिनीनं आधाराला डाव्या हातानं सीट पकडली होती. उजवा हात मांडीवर होता, माझ्या अगदी समोर, आणि तो तिला सरळ करता येत नव्हता.